अकरावी चौकट

३ मार्च

दैनंदिनी लिहायचं माझं वय पंचवीस वर्षांपूर्वीच उलटून गेलं. पण आज कार्यालयातल्या कारकुनाने हातात एक कागद ठेवला आणि तो वाचून कुणाशी तरी बोलावंसं वाटलं. नवरा कुणाची तरी अडकलेली लिफ्ट सोडवायला गेलाय. सासरे स्वयंपाकघरात आपल्या वहीत डोकं खुपसून बसलेत. म्हणून मीही वही काढली.

कागदाचं नाव 'अभियांत्रिकी विद्यावाचस्पती पदवी : पूर्ततेच्या अटी'. एकूण चौदा अटी, प्रत्येकीपुढे एक रिकामी चौकट.

"ताई, चौदाच्या चौदा चौकटींत खूण हवी," कारकून म्हणाला. "आणि एकतीस मेला पाचच्या आत प्रबंध माझ्या टेबलावर. पाच वाजून एक मिनिटाने आलात तर मी घरी गेलेला असेन."

"आणि नाही जमलं तर?"

"नोंदणी रद्द. दोनदा मुदतवाढ झालीय तुमची, तिसरी नसते." एवढं बोलून त्याने मला एक बिस्किट दिलं. चांगला माणूस आहे.

पंपाच्या कारखान्यातली बरी नोकरी सोडून मी या भानगडीत पडले त्याला सहा वर्षं झाली. आता एकोणचाळीस पूर्ण. विषय लोकांना सांगायला सोपा आहे: जमिनीखालचा नळ कुठे गळतोय ते रस्ता न खोदता नुसत्या आवाजावरून ओळखायचं. करायला किती अवघड, ते या सहा वर्षांवरून कळावं. सगळं पाण्यात गेलं तर त्याला निदान विषयाला धरून गेलं असं म्हणता येईल.

घरी आल्या आल्या नऊ चौकटींत खुणा केल्या. अभ्यासक्रमाचे विषय, पात्रता परीक्षा, दोन छापील लेख, सगळं झालेलं. पाच उरल्या. त्यातली अकरावी मी तीनदा वाचली: 'प्रबंधातील मुख्य प्रयोग विभागाबाहेरील व्यक्तीने, उमेदवार हजर नसताना, केवळ लिखित कृती वाचून यशस्वीपणे करून दाखवावा. कमाल तीन प्रयत्न.'

होईल. मी लिहिलेली कृती एकोणीस पानांची आहे, त्यात नळाची चावी किती वेढे फिरवायची तेसुद्धा लिहिलंय.

६ मार्च

डब्यावरून पुन्हा चकमक.

माझा डबा सासरे भरतात. सासूबाई गेल्यापासून स्वयंपाकघर त्यांच्याच ताब्यात आहे. मी त्यांना बाबा म्हणते. बाबा एकतीस वर्षं बाजाराच्या फाटकावर ट्रकच्या वजनकाट्यावर होते. गाडी भरलेली येते तेव्हा एकदा तोलायची, माल उतरवून रिकामी निघते तेव्हा पुन्हा तोलायची. वजाबाकी केली की माल कळतो. माणूस निवृत्त झाला, पण ओट्यावर त्यांचा छोटा काटा आहेच.

"बाबा, एवढं कोण खाणार? तीन मजली डबा, मी एकटी."

"तू खाणार."

"अहो, कमी भरा ना जरा."

"गाडी रोज एकाच मापाने भरायची," ते म्हणाले. हे काही उत्तर झालं? पण वजनकाट्यावरच्या माणसाशी वाद घालून कुणी जिंकलेलं नाही.

संध्याकाळी दारातच माझ्या हातातून डबा घेतात, आत नेतात, दोन मिनिटांनी घासायला माझ्या पुढ्यात ठेवतात. एवढं दोन पावलांसाठी कशाला उचलतात कोण जाणे. म्हाताऱ्या माणसांच्या सवयी.

"किती खाल्लंस?"

"सगळं," मी म्हणाले. दोन घास खाल्ले होते. पाचव्या प्रकरणाने भूकच मारली होती.

"बरं," बाबा म्हणाले आणि वहीकडे वळले. वही नाकाला टेकवून लिहितात हल्ली, मोतीबिंदू पिकलाय. आत्मचरित्र असावं. त्यात सुनेवर एक प्रकरण नक्की असणार.

७ मार्च

आज डब्यात सगळं माझ्या आवडीचं. अधूनमधून असा योग येतो. चट्टामट्टा केला.

११ मार्च

प्रयोगशाळेत दिवसभर. माझी मांडणी म्हणजे एक पंप, चौदा मीटर नळ, नळाला मुद्दाम पाडलेलं एक भोक आणि भोकाचा आवाज पकडणारा सेन्सर. शिवाय टेबलभर वायरींचा असा गुंता की चहाचा कप टेकवायला जागा नाही. डबा मी मोटारीवरच्या पत्र्याच्या झाकणावर ठेवते. मोटार तापते, जेवण गरम राहतं. सहा वर्षांत मी लावलेला हा एकमेव शोध, ज्याबद्दल कुणी शंका घेतलेली नाही.

आज पाचवं प्रकरण संपवलं: 'दुपारचा परिणाम'. हे प्रकरण माझं लाडकं. सकाळी माझा सेन्सर गळती अगदी स्वच्छ ऐकतो. दुपारी दोननंतर त्यात थोडी घरघर मिसळते. मी दोन वर्षं त्याचा पाठपुरावा केला आणि दुपारच्या उष्णतेने नळ प्रसरण पावतो म्हणून असं होतं, हे सव्वीस पानांत मांडलं. काही दुपारी परिणाम जवळजवळ नसतोच. ते दिवस ढगाळ असणार. दुसऱ्या छापील लेखातही हे सगळं घातलंय.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी प्रकरण वाचलं. त्यांचा आवडता शब्द 'पुढे?'. आज मात्र त्या म्हणाल्या, "ढग होते याची नोंद आहे?"

"नाही, पण असणारच."

"हं," त्या म्हणाल्या. 'पुढे?' बरा होता.

१९ मार्च

दहावी चौकट, पूर्वसादरीकरण: झालं. तीन प्राध्यापकांपैकी एक झोपले, एकांनी टाळ्या वाजवल्या, एकांनी दोन्ही केलं.

अकरावीसाठी विद्युत विभागातले एक तरुण प्राध्यापक नेमलेत. कशालाही "शंभर टक्के!" म्हणतात, म्हणून सगळे त्यांना शंभरटक्केच म्हणतात. माझी एकोणीस पानं त्यांनी छातीशी धरली आणि म्हणाले, "मॅडम, एका फटक्यात. शंभर टक्के."

२७ मार्च

शून्य टक्के.

ते आत, मी बाहेर बाकावर, डबा मांडीवर. नियमच आहे, उमेदवार हजर नको. अडीच तासांनी ते घाम पुसत बाहेर आले. "घरघर आहे हो नुसती. गळती ऐकूच येत नाही."

चावी किती वेढे फिरवलीत? साडेतीन. सेन्सर घट्ट बसवलात? बसवला. पान अकरा वाचलंत? दोनदा. जेवणावरची वासनाच गेली. डबा भरलेलाच घरी आणला.

"किती खाल्लंस?"

"सगळं, बाबा."

डबा त्यांच्या हातात होता, चांगला जडच्या जड. त्यांनी तो हातातल्या हातात तोलला. मग म्हणाले, "बरं."

२८ मार्च

सकाळी शंभरटक्क्यांना हाताला धरून प्रयोगशाळेत आणलं. डबा ठेवला, बाह्या वर केल्या, बटण दाबलं. पडद्यावर गळतीची रेघ अशी उभी राहिली की मला तिची पापीच घ्यावीशी वाटली.

"बघा!"

"कमाल आहे," ते म्हणाले. पण पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले. एरवी प्रत्येक वाक्याला चिकटलेलं 'शंभर टक्के' आज कुठे गेलं, हे मला कळलं नाही असं नाही.

९ एप्रिल

दुसरा प्रयत्नही फसला. तीच घरघर.

मॅडमनी बोलावून घेतलं. खोलीचं दार लावलं. ते दार त्या कधीच लावत नाहीत.

"तुझ्या हातून होतं. दुसऱ्याच्या हातून होत नाही. याचा अर्थ काय?"

"त्यांच्या हाताला वळण नाही, मॅडम."

"किंवा तुझे आकडे तू म्हणतेस तसे आलेले नाहीत. हे मी म्हणत नाही. पण समिती म्हणेल."

सहा वर्षं या बाईंनी माझं एकेक वाक्य तपासलं. त्यांच्या तोंडून हे ऐकलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी खोटं बोलत नाही, असं ओरडून सांगायचं होतं. सांगितलं फक्त, "एक प्रयत्न आहे अजून."

"एकच आहे," त्या म्हणाल्या. "पुढे?"

पुढे काय, कप्पाळ.

१४ एप्रिल

बाबा दोन आठवड्यांसाठी नणंदेकडे गेले. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया. तिच्या घराजवळ डोळ्यांचं चांगलं रुग्णालय आहे. निघताना पिशवीत त्यांनी काटा भरला.

"अहो बाबा, तिथे काटा कशाला?"

"असू दे." मग दारात उभे राहून म्हणाले, "वेळेवर खात जा. मी नाहीये."

मी म्हटलं हो हो. खरं सांगायचं तर जरा हायसं वाटलं. दोन आठवडे डबा नाही, 'किती खाल्लंस' नाही. उपाहारगृहात उभ्या उभ्या काहीतरी पोटात ढकललं की झालं.

१६ एप्रिल

आज माझ्याही हातून झालं नाही.

१७ एप्रिल

नाही.

२१ एप्रिल

चार दिवस सेन्सर बदलून पाहिला, वायरी बदलल्या, नळातलं पाणी बदललं. सकाळीही घरघर, दुपारी तर विचारू नका. माझा लाडका दुपारचा परिणाम आता चोवीस तास सुरू आहे. शंभरटक्क्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

आज पहिल्यांदा वाटलं, सहा वर्षं मी जे ऐकलं ते तिथे नव्हतंच का? माणसाला हवं ते ऐकू येतं. मलाही तसंच झालं असेल? मॅडमना वाटतं तसं, पण माझ्या नकळत? नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "लिफ्ट बंद पडली की मी आधी बघतो, काल आणि आजमध्ये काय बदललं."

"काहीच बदललेलं नाही!"

"मग चालायला हवी होती," तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला. मोठा आला.

२९ एप्रिल

हसायचं की रडायचं, ते हे लिहून झाल्यावर ठरवीन.

दुपारी प्रयोगशाळेत सुन्न बसले होते. मोटार चालू, पत्रा घरघरतोय. कार्यशाळेतले मिस्त्री पाना परत न्यायला आले. पन्नाशीचा माणूस, दिवसाला पाच वाक्यं बोलतो. पाना उचलला, मोटारीकडे बघितलं, आणि म्हणाले, "पत्रा लई कुरकुरतोय आज. डबा नाही आणला का, ताई?"

"नाही. का?"

"डबा असला की गप असतो ना तो."

मी उठले. हाताला आला तो जाडजूड शब्दकोश पत्र्यावर ठेवला. घरघर थांबली. पडद्यावर गळतीची रेघ उभी राहिली, माझी जुनी लाडकी रेघ.

"मिस्त्री," मी म्हणाले, आणि आवाज माझाच आहे हे मला पटेना, "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यापासनं."

"मग सहा वर्षांत सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं कुठं? मला वाटलं, मुद्दाम ठेवता. शिकलेल्या माणसांचं काहीतरी असतं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही सहा वर्षांचा! एकोणीस पानांच्या कृतीत चावीचे वेढे लिहिले आणि डबा लिहायचा राहिला. मी इतकी हसले की मिस्त्री दाराकडे सरकले.

मग पाचवं प्रकरण आठवलं आणि हसू बंद झालं. सकाळी डबा भरलेला. दुपारी दोननंतर तोच डबा परत पत्र्यावर, पण अर्धा किंवा रिकामा. उष्णता नाही, नळाचं प्रसरण नाही, ढग तर नाहीतच नाहीत. सव्वीस पानांत मी माझ्या जेवणाचा अभ्यास केलाय.

३० एप्रिल

एक सोपी वाट आहे. कृतीत एक ओळ वाढवायची: 'झाकणावर दोन किलो वजन ठेवावे.' शंभरटक्के प्रयोग करतील, रेघ येईल, अकराव्या चौकटीत खूण. पाचवं प्रकरण आहे तसं. ढगांना कोण विचारतंय?

सकाळी नऊ ते अकरा मी ही वाट मनात चांगली दोनदा चालून आले. खोटं कशाला बोलू, आवडली मला.

अकरा वाजता मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. डबा, पत्रा, मिस्त्री, ढग. त्या दिवशी त्यांच्या बंद दारामागे मला ओरडून सांगायचं होतं की मी खोटं बोलत नाही. ते वाक्य मला खरं राहू द्यायचं होतं, दुसरं काही कारण नाही.

मॅडम आधी हसल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा दात दिसले. मग गंभीर झाल्या.

"सकाळच्या आकड्यांचं काय? रोज डबा सारखाच होता कशावरून? आज दोन किलो, उद्या दीड. मग सगळेच आकडे डळमळीत. साडेतीनशे दिवसांचे."

"पुन्हा घेते."

"महिन्याभरात?" त्यांनी चष्मा काढला. "डब्याचं रोजचं वजन माहीत असतं तर गोष्ट वेगळी होती. तर आकडे दुरुस्त करता आले असते. पण त्याची नोंद कोण ठेवतं?"

कुणीच नाही. घरी येऊन उताणी पडले. एकतीस मे म्हणजे एकतीस दिवस. बुडत्याचा पाय खोलात.

२ मे

बाबा आले. डोळ्यावर काळा चष्मा, हातात काट्याची पिशवी. मला बघून पहिलं वाक्य, "वाळलीस."

चहा देता देता मी उगाच विचारलं, बुडताना काडी धरतात तसं. "बाबा, माझ्या डब्याचं वजन अंदाजे किती असायचं?"

बाबांनी कप खाली ठेवला. "अंदाजे?"

"म्हणजे साधारण."

"साधारण?" असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "एकतीस वर्षं माझ्या काट्यावर कुणी अंदाजे म्हटलं नाही. आत ये."

स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून त्यांनी वह्या काढल्या. सात वह्या. ते आत्मचरित्र! प्रत्येक पानावर चार रकाने, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात: तारीख, भरून, रिकामा, माल.

भरून: दोन किलो एकशे दहा. भरून: दोन किलो एकशे पाच. भरून: दोन किलो एकशे दहा. पानंच्या पानं. रोज. सहा वर्षं.

मी तिथेच ओट्याला टेकून खाली बसले.

"एकाच मापाने का भरायचात?"

"त्याशिवाय परत येताना कमी काय झालं ते कसं कळणार?"

तेव्हा कुठे माझी नजर शेवटच्या रकान्यावर गेली. माल म्हणजे मी खाल्लेलं. पहिल्या वहीचं पहिलं पान सहा वर्षांपूर्वीच्या वीस ऑगस्टचं. आदल्या दिवशी मी प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडले होते आणि डॉक्टरांनी बाबांच्या देखत म्हटलं होतं, ही मुलगी जेवत नाही. मी विसरूनही गेले होते.

माल ९२० ग्रॅम. माल ६१०. माल १४०, आणि शेजारी बारीक अक्षरात, 'सगळं म्हणाली.' मी पानं उलटत गेले. माल ८५, 'सगळं म्हणाली.' माल ०, 'सगळं म्हणाली.' हा सत्तावीस मार्च.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं. मग बोलला का नाहीत कधी?"

"काट्यावरचा माणूस वजन लिहितो. गाडीवाल्याशी भांडत नाही." त्यांनी चष्मा सारखा केला. "दुसऱ्या दिवशी तुझ्या आवडीचं करायचो. तेवढं हातात होतं."

मी रडले. सरळ भोकाड पसरलं, एकोणचाळीसाव्या वर्षी, ओट्याखाली बसून. बाबा घाबरले. म्हणाले, "काही चुकलंय का वजनात?"

१० मे

मॅडमच्या टेबलावर सात वह्या ठेवल्या. मॅडमनी तीन पानं वाचली आणि शेवटच्या रकान्यावर बोट फिरवलं.

मग आम्ही आकडे मांडले. सकाळचं वजन पाच ग्रॅमच्या फरकाने रोज तेच, म्हणजे सकाळचे सगळे आकडे शाबूत. आणि दुपारचे? बाबांचा 'रिकामा' रकाना म्हणजेच दुपारी पत्र्यावर किती वजन होतं ते. ते एका अक्षावर, घरघर दुसऱ्या अक्षावर. साडेतीनशे ठिपके आणि त्यातून एक सरळ रेघ. मी जास्त जेवले की डबा हलका, घरघर जास्त. मी उपाशी राहिले की पत्रा गप्प. ते माझे ढगाळ दिवस!

सव्वीस पानं फाडली. नवं पाचवं प्रकरण नऊ पानांचं आहे आणि जुन्यापेक्षा लाख पटीने बरं आहे. ज्या मासिकाने लेख छापला होता त्यांना दुरुस्तीचं पत्र गेलं. लिहिताना लाज वाटली, टपालात टाकल्यावर हलकं वाटलं.

१८ मे

मिस्त्रींनी भरल्या डब्याच्या वजनाचा एक लोखंडी ठोकळा कातून दिला. बाबांनी काट्यावर ठेवला, म्हणाले, "आठ ग्रॅम जास्त." मिस्त्री मुकाट परत गेले आणि आठ ग्रॅम खरवडून आले. दोघांची चांगली गट्टी जमली. दोघं मिळून दिवसाला दहा वाक्यं बोलतात.

कृतीत ठोकळ्याची ओळ वाढवली आणि तिसरा प्रयत्न. मी बाहेर बाकावर. विसाव्या मिनिटाला दार उघडलं.

"शंभर टक्के!" ते ओरडले, आणि वाक्याआधी एक क्षण त्यांनी डोळ्यांनीच माझी माफी मागितली. माझा जीव भांड्यात पडला. अकराव्या चौकटीत खूण केली तेव्हा पेन कागदातून आरपार गेलं.

मग बाकावर बसून डबा उघडला आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. संध्याकाळी दारात बाबांनी डबा हातात घेतला. "किती खाल्लंस?"

"तुम्हीच बघा," मी म्हणाले.

आतून काट्याचा आवाज आला, मग बाबांचा. "खरंच की!"

३१ मे

उरलेल्या तीन चौकटी नुसत्या सह्या-शिक्क्यांच्या होत्या, त्या गेल्या आठवड्यात उरकल्या. चार वाजून चाळीस मिनिटं. कारकुनाने चौदा खुणा बोटाने मोजल्या, पुन्हा मोजल्या, शिक्का मारला. मग पाच वाजायची वाट बघत आम्ही दोघांनी बिस्किटं खाल्ली.

२४ ऑगस्ट

मौखिक परीक्षा सर्वांना खुली असते. शेवटच्या रांगेत नवरा, मिस्त्री आणि बाबा. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि सातही वह्या मांडीवर घेतल्या होत्या, लागल्या तर असाव्यात म्हणून.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, कडक, पांढऱ्या भुवयांचे. पाचव्या प्रकरणावर थांबले. "ही वजनं कुणी घेतली?"

"माझ्या सासऱ्यांनी."

"त्यांची पात्रता?"

"एकतीस वर्षं वजनकाट्यावर होते."

"एकतीस वर्षं चार महिने," शेवटच्या रांगेतून आवाज आला.

सभागृह हसलं, परीक्षकही हसले. मग त्यांनी एक वही मागून घेतली, उघडली, आणि त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. "या शेवटच्या रकान्याचा प्रबंधात वापर नाही केलात?"

"नाही, सर," मी म्हणाले. "तो माझ्यासाठी नव्हता. म्हणजे, माझ्यासाठीच होता."

मी आपलं काहीही बोलून गेले. पण त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला नाही.

झाले मी डॉक्टर. घोडं गंगेत न्हालं एकदाचं.

९ सप्टेंबर

बाबांच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया काल झाली. या वेळी इथल्याच रुग्णालयात, मी हट्टच धरला. तीन दिवस ठेवणार आहेत. तिथलं जेवण त्यांना आवडत नाही हे ते सांगत नाहीत, पण मला आता कळतं.

आज डबा मी भरला. ओट्यावरच्या काट्यावर ठेवला. आठवी वही कोरी होती, तारीख घातली आणि लिहिलं: भरून, एक किलो सहाशे चाळीस.

दुपारी नवरा डबा देऊन आला, संध्याकाळी परत घेऊन आला. मी दारातच त्याच्या हातातून घेतला. तो म्हणाला, "अगं, मीच ठेवतो की आत." मी ऐकलं नाही.

रात्रीच्या गोळीची आठवण करायला बाबांना फोन केला.

"किती खाल्लंत?"

"सगळं," बाबा म्हणाले.

काटा समोर होता. माल: तीनशे दहा ग्रॅम.

"बरं," मी म्हणाले, आणि उद्या त्यांच्या आवडीचं काय करता येईल याचा विचार करत ते वहीत लिहून ठेवलं.